पोटाचा पट्टा : किती घट्ट, किती दिवस?

चाळीसगाव : शस्त्रक्रिया होऊन आठ दिवसांनी सून घरी येते. पोटाला रुंद, ताणला जाणारा पट्टा असतो. तिची चाल अजून किंचित वाकलेली असते. दुपारी शेजारच्या काकू भेटायला येतात, पट्ट्याकडे पाहतात आणि म्हणतात, ''एवढा सैल कशाला ठेवलाय? ओढून बांध, म्हणजे पोट आत जाईल.'' सासूबाईंनाही ते पटते. आपल्या बाळंतपणात त्यांनी स्वतः सुती लुगड्याने पोट आवळून घेतलेले असते. पट्टा दोन बोटे आणखी घट्ट होतो. हेतू मायेचा असतो, परंतु पोटाच्या या विशिष्ट शस्त्रक्रियेनंतर तीच माया रुग्णाला महागात पडू शकते.

ही शस्त्रक्रिया म्हणजे 'टमी टक'. वैद्यकीय भाषेत तिला अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी म्हणतात. दोन-तीन बाळंतपणांनंतर किंवा वजन झपाट्याने उतरल्यानंतर पोटाची त्वचा लोंबते, स्नायू सैल पडतात आणि व्यायाम करूनही ते पूर्ववत होत नाहीत. अशा वेळी जादा त्वचा व चरबी काढून पोटाची भिंत शिवून घट्ट केली जाते. एकेकाळी चित्रपटातील तारकांपुरती वाटणारी ही गोष्ट आता तालुक्याच्या गावातील मध्यमवर्गीय घरांतही बोलली जाते. चाळीसगावच्या रुग्णाला मात्र त्यासाठी सहसा नाशिक, पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. शल्यचिकित्सक तिकडे आणि पुढचे सहा आठवडे घरी, अशी ही विभागणी आहे. त्या सहा आठवड्यांत रुग्णाच्या अंगावर अहोरात्र असते ते दाबवस्त्र, म्हणजेच घरोघरच्या भाषेत 'पट्टा'. आणि त्याविषयीचा सल्ला डॉक्टरांपेक्षा शेजारपाजारचेच अधिक देतात.

जुना धागा

बाळंतिणीचे पोट बांधण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. शेक-शेगडी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू यांच्या जोडीने जुन्या नऊवारीचा मऊ पडलेला पदर पोटाभोवती गुंडाळणे हा बाळंतपणाच्या सव्वा महिन्याचा भागच होता. या रीतीला शास्त्राधारही आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात प्रसूत स्त्रीच्या पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने वेढावे, असे सांगितले आहे. पोटात मोकळी जागा उरली नाही म्हणजे वायूला तेथे विकार करण्यास वाव राहत नाही, असे त्याचे कारण तेथे दिले आहे. कारणमीमांसा त्या काळची असली, तरी 'रिकामी झालेली जागा दाबून ठेवणे' ही कल्पना आजच्या शल्यचिकित्सकालाही परकी वाटणार नाही.

सुश्रुताने तर बांधण्याचे स्वतंत्र प्रकरणच लिहिले. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात बंधाचे चौदा प्रकार दिले आहेत. पाठ, पोट आणि छाती यांसाठी त्यांपैकी 'विबंध' सांगितला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पुढचे वर्गीकरण. बंध किती आवळावा, यानुसार त्याने गाढ, सम आणि शिथिल असे तीन भेद केले. कूस, मांडी, डोके येथे गाढ, डोळे आणि सांधे येथे शिथिल आणि पोटावर सम. सम म्हणजे फार घट्टही नाही आणि सैलही नाही असा. शेजारच्या काकू ज्या परंपरेचा हवाला देतात, त्या परंपरेच्या मूळ ग्रंथातच पोट आवळून बांधू नये असे सुचवलेले आहे, हे त्यांना नम्रपणे सांगायला हरकत नाही.

लुगड्याचा वेढा आणि टमी टकनंतरचा पट्टा यांत मूलभूत फरकही आहे. नैसर्गिक प्रसूतीनंतर पोटाची त्वचा आणि तिचा रक्तपुरवठा अखंड असतो. टमी टकमध्ये तसे नसते.

त्वचेखाली काय घडते?

जांघेच्या वर, एका नितंबाच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेतला जातो. तेथून त्वचा आणि तिच्याखालची चरबी स्नायूंवरून सोडवत थेट बरगड्यांपर्यंत उचलली जाते. बेंबी मात्र आपल्या जागीच ठेवतात. गर्भारपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर सरकलेले असतात. ते टाके घालून पुन्हा जवळ आणले जातात. मग उचललेली त्वचा खाली ओढून जादा भाग कापून टाकतात, बेंबीसाठी नवे छिद्र पाडतात आणि छेद शिवतात. पोटाची लोंबती त्वचा आडव्या छेदाने काढण्याचा प्रयोग अमेरिकेतील हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये केला होता. त्वचा दूरवर सोडवून स्नायू शिवण्याच्या आजच्या पद्धतीला १९६० च्या दशकात ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी मोठी चालना दिली.

आता त्या उचललेल्या त्वचेची अवस्था पाहा. खालून येणाऱ्या अनेक रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात. बाजूंनी येणाऱ्या मोजक्या वाहिन्यांवर ती जगते. बेंबीच्या खालचा मधला भाग या पुरवठ्याच्या अगदी टोकाला येतो. लसिकावाहिन्या कापल्या गेल्याने द्रव वाहून नेणारी व्यवस्था काही काळ विस्कळीत होते, म्हणून सूज येते आणि ती ओसरायला कित्येक महिने लागतात. स्नायू आणि त्वचा यांच्यामध्ये एक सपाट, पिशवीसारखी पोकळी तयार होते. त्या पोकळीत पिवळसर द्रव साचतो, त्याला सेरोमा म्हणतात. या शस्त्रक्रियेनंतर नेहमी आढळणाऱ्या गुंतागुंतींत त्याचा क्रमांक वरचा आहे. त्यासाठीच बहुतेक वेळा एक-दोन नळ्या बाहेर काढून ठेवतात. दिवसभरात येणारा द्रव साधारण तीस मिलिलिटरच्या खाली गेला की अनेक शल्यचिकित्सक नळी काढतात.

पट्ट्याचे काम येथे सुरू होते. तो त्वचेला स्नायूंवर हलकेच टेकवून ठेवतो, सूज आटोक्यात ठेवतो, खोकताना किंवा उठताना शिवलेल्या स्नायूंना आधार देतो. शिवाय हालचाल करताना पोट 'सुटेल' ही भीती कमी होते. ही शेवटची गोष्ट किरकोळ नाही, कारण भीती कमी झाली की रुग्ण लवकर चालू लागतो. त्याचे महत्त्व पुढे येईलच.

पट्टा जे करत नाही, तेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. त्याने चरबी वितळत नाही. कंबरेचा घेर कायमचा कमी होत नाही. पट्टा काढल्यावर पोट सपाट दिसते ते सूज दबलेली असते म्हणून. तासाभरात थोडी सूज परत येते आणि त्यात चिंतेचे काही नसते. दूरचित्रवाणीवर 'बसल्या बसल्या इंच घटवा' म्हणून विकले जाणारे पट्टे आणि हे दाबवस्त्र यांची गल्लत करू नये. पहिल्या प्रकाराने घाम जातो आणि पैसे जातात.

पट्ट्याने सेरोमा टळतो, असे अनेकांना ठामपणे वाटते. संशोधनाचा आधार मात्र इतका ठाम नाही. शस्त्रक्रियेतच त्वचा आणि स्नायू यांना आतून ठिकठिकाणी टाक्यांनी जोडून पोकळी बंद करण्याची पद्धत ब्राझीलच्या बारौदी यांनी १९९८ मध्ये आणि अमेरिकेतील पोलॉक यांनी २००० मध्ये मांडली. सेरोमा कमी करण्याच्या बाबतीत या टाक्यांमागचा पुरावा पट्ट्यापेक्षा भक्कम आहे. त्यामुळे आज काही शल्यचिकित्सक नळीही ठेवत नाहीत आणि पट्टाही थोडेच दिवस देतात. 'माझ्या मावशीला तीन महिने दिला होता, तुला दीडच महिना कसा?' या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. शस्त्रक्रियेची आतील पद्धत वेगळी असेल, तर बाहेरचा पट्टाही वेगळा असतो.

घट्टपणाचे गणित

दाबाने सूज उतरते, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. तो दाब मोजूनमापून देण्याची कल्पना एका रुग्णाची आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातील अभियंता कॉनरॅड जॉब्स्ट यांना पायांच्या शिरांचा जुना विकार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पाय हलके वाटतात, हे त्यांच्या ध्यानात आले. पाणी जितके खोल, तितका दाब अधिक, म्हणजे घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर कमी. त्यावरून विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी चढत्या क्रमाने दाब कमी होत जाणारे मोजे तयार केले. १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स हा ताणणारा धागा शोधला. लायक्रा हे त्याचेच व्यापारी नाव. आजचे बहुतेक दाबवस्त्र त्या धाग्यावर उभे आहे. भाजलेल्या रुग्णांच्या व्रणांवर वापरली जाणारी घट्ट वस्त्रेही याच घराण्यातली.

पायासाठी जे खरे, ते पोटासाठी जसेच्या तसे खरे नाही. पट्ट्याचा ताण सगळीकडे सारखा असला, तरी दाब सारखा पडत नाही. जिथे वळण तीव्र तिथे दाब जास्त, जिथे पृष्ठभाग सपाट तिथे कमी. फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. घरातला अनुभव हवा असेल, तर कोनाड्याच्या चौकटीभोवती दोरी आवळून पाहावी. कोपऱ्यावर ती रुतते, मधल्या सपाट भागात बोट सहज घालता येते. पोटाच्या पट्ट्याचे तेच होते. कंबरेच्या हाडांवर तो रुततो आणि जिथे दाब हवा त्या सपाट पोटावर कमी पडतो. मग रुग्णाला वाटते पट्टा सैल आहे, म्हणून तो आणखी ओढला जातो आणि हाडावरच्या त्वचेवरचा भार वाढतो. अशा वेळी पट्टा आवळणे हा उपाय नव्हे. पट्ट्याखाली मऊ फोमची गादी ठेवावी की नाही, हे शल्यचिकित्सकाला विचारावे.

याहून गंभीर बाब पोटाच्या आतल्या दाबाची आहे. स्नायू शिवून जवळ आणल्याने पोटाच्या पोकळीतील दाब आधीच वाढलेला असतो. त्यावर करकचून बांधलेला पट्टा आला की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही आणि रुग्ण वरवरचे श्वास घेऊ लागतो. पायांकडून हृदयाकडे परतणाऱ्या शिरांवरही भार येतो. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टमी टक झालेल्या स्त्रियांच्या जांघेतील मुख्य शिरेचा प्रवाह सोनोग्राफीने तपासला. दाबवस्त्र घातल्यावर शिरेत रक्त तुंबण्याकडे कल दिसून आला. तुंबलेले रक्त गोठू शकते आणि पायातील गुठळी सुटून फुफ्फुसात पोहोचली तर जिवावर बेतते. सौंदर्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांत गुठळीचा धोका अधिक असलेल्यांमध्ये टमी टकची गणना होते. तो धोका पट्टा वापरल्याने निर्माण होतो असे नाही. भूल, अंथरुणावर पडून राहणे, स्थूलपणा, काही संप्रेरकांच्या गोळ्या अशी त्याची अनेक कारणे आहेत. त्या यादीत आपण आपल्या हाताने भर घालू नये, एवढेच.

मग 'सम' ओळखायचा कसा? पट्टा बांधल्यावर तळहात सपाट करून थोड्या प्रयत्नाने आत सरकला पाहिजे. खोल श्वास घेता आला पाहिजे. चार घास जेवल्यावर कोंडल्यासारखे वाटता कामा नये. पायाची बोटे बधिर होऊ नयेत. पट्टा काढल्यावर दिसणारे हलके वळ अर्ध्या-एक तासात मावळले पाहिजेत. खोल, जांभळट किंवा दुखरी खूण राहत असेल, तर तो पट्टा चुकला आहे, मग त्याची किंमत काहीही असो.

बसल्यावर काय होते, तेही पाहावे. उभे असताना नीट बसलेला पट्टा पाटावर किंवा खुर्चीत बसताच खालून गुंडाळतो आणि त्या गुंडाळीची जांघेवर दोरी होते. सपाट कापडापेक्षा ती दोरी शतपट वाईट. पट्ट्याची कडा नेमकी टाक्यांच्या रेषेवर येऊ नये आणि आत घडी पडू नये, हे दिवसातून चार वेळा हात फिरवून तपासावे. आकार मागवताना शस्त्रक्रियेपूर्वीच्या मापावर भिस्त ठेवू नये. पहिल्या आठवड्यात सुजेमुळे घेर वाढलेला असतो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो उतरतो. म्हणूनच सुरुवातीला चिकटपट्टीचा, कमी-जास्त करता येणारा पट्टा आणि नंतर मांड्यांपर्यंत येणारे चड्डीसारखे वस्त्र, असा क्रम पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. इंटरनेटवरून एक माप लहान मागवणे ही काटकसर नव्हे.

वैशाखातला पट्टा

या विषयावरील बहुतेक माहिती थंड देशांत लिहिली जाते. चोवीस तास पट्टा घाला, असे तिथे एका ओळीत सांगून टाकतात. मे महिन्यात खान्देशात पारा ४४-४५ अंशांवर जाणे ही नवलाई नाही. पत्र्याच्या किंवा धाब्याच्या घरात, पंखा बंद पडलेल्या दुपारी, स्पँडेक्सचे दुहेरी कापड अंगावर असणे म्हणजे काय, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. घामोळे उठते, जांघेत बुरशीचा संसर्ग होतो, ओल्या कापडाखाली टाके मऊ पडतात. नकोसा झालेला पट्टा मग रुग्ण न विचारताच सोडून टाकतो.

सुश्रुताने याचाही विचार केला होता, हे वाचून अचंबा वाटतो. पित्तप्रधान व्रणाचा बंध ग्रीष्म आणि शरद ऋतूंत दिवसातून दोनदा बदलावा, कफप्रधान व्रणाचा हेमंत-वसंतात तिसऱ्या दिवशी बदलला तरी चालेल, असे त्याने लिहिले आहे. ज्याने हे लिहिले त्याला उन्हाळा माहीत होता!

शस्त्रक्रिया तातडीची नसते, हा टमी टकचा मोठा फायदा आहे. दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचा काळ निवडता आला, तर निम्मी अडचण आपोआप सुटते. उन्हाळ्यातच करणे भाग असेल, तर एकाऐवजी दोन पट्टे घ्यावेत, एक अंगावर आणि एक दोरीवर. पट्ट्याखाली शिवण नसलेली पातळ सुती बनियन घालावी. ती दिवसातून दोन-तीन वेळा बदलणे पट्टा बदलण्यापेक्षा सोपे असते. पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावा आणि सावलीत वाळवावा. कडक उन्हात किंवा उकळत्या पाण्यात ताणणारा धागा मरतो आणि पंधरा दिवसांत पट्ट्याचे फडके होते. पावडर टाक्यांवर पडू देऊ नये.

अंघोळीसाठी पहिल्यांदा पट्टा सोडताना घरातले कोणीतरी जवळ हवे. अनेक दिवसांचा दाब एकदम निघाला की रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. पट्टा आडवे असतानाच सोडावा, मग थोडा वेळ बसावे, नंतर उभे राहावे. अंघोळ खुर्चीवर बसून आणि दाराची कडी न लावता करावी.

शेक नको, मिश्री नको

बेंबीखालची त्वचा शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने बधिर असते, कारण तिच्या संवेदना नेणाऱ्या बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात. हळूहळू मुंग्या येत येत संवेदना परततात, काही ठिकाणी पूर्ण परततही नाहीत. बधिरतेचा अर्थ असा की, पट्टा रुतत असला तरी दुखत नाही. 'दुखत नाही म्हणजे ठीक आहे' हा नेहमीचा आडाखा येथे चालत नाही. दुखण्यावर विसंबण्याऐवजी रोज आरशात पाहणे हाच खरा पहारा आहे.

बाळंतपणाची दुसरी सवय, शेक, येथे थेट अपायकारक ठरते. दुखऱ्या पोटावर गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडीवर तापवलेले फडके ठेवले, तर बधिर त्वचेला चटका कळत नाही. आधीच अर्धपोटी रक्तावर जगणारी ती त्वचा भाजते आणि मग महिनोन्महिने न भरणारी जखम होते. बर्फाचेही तेच. तेल लावून जोरात चोळणे तर पहिल्या आठवड्यांत वर्ज्यच समजावे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात आवर्जून सांगायला हवी. बिडी-सिगारेट ओढता का, असे डॉक्टर विचारतात. स्त्रिया 'नाही' म्हणतात आणि ते खरेही असते. मिश्रीचे नाव कोणी काढत नाही. सकाळी दातांना मिश्री लावणे हे आजही अनेक घरांत व्यसन मानले जात नाही. परंतु मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्वचेच्या टोकापर्यंत रक्त पोहोचायचे आहे ते याच वाहिन्यांतून. वाहिन्या आकसलेल्या, वरून पट्टा आवळलेला, अशा स्थितीत बेंबीखालची त्वचा काळी पडण्याचा धोका वाढतो. शल्यचिकित्सक साधारण चार आठवडे आधीपासून तंबाखू पूर्ण बंद करायला सांगतात. त्यात मिश्री, गुटखा आणि पानातला तंबाखूही आला. ही माहिती लपवण्यात लाज राखली जाते, पण पोट राखले जात नाही.

परतीची वाट

मुंबईहून चाळीसगाव रेल्वेने सुमारे ३३० किलोमीटर, म्हणजे पाच-सहा तासांचा प्रवास. छत्रपती संभाजीनगरहून यायचे तर कन्नड घाट ओलांडावा लागतो आणि घाटात वाहने खोळंबणे या रस्त्याच्या प्रवाशांना नवे नाही. पोटात पट्टा, पाय लोंबकळलेले आणि तासन् तास बैठक, ही गुठळीला आमंत्रण देणारी स्थिती आहे. म्हणून नळ्या निघेपर्यंत शल्यचिकित्सकाच्या गावीच नातेवाइकांकडे मुक्काम करणे शहाणपणाचे. प्रवासाची परवानगी मिळाल्यावर शक्यतो रेल्वे निवडावी. खालचा बर्थ घ्यावा, गुडघे किंचित वाकवून पाठ टेकावी, तासाला एकदा डब्यात चार पावले चालावे, बसल्या जागी पावले वरखाली हलवत राहावीत आणि लघवीला जावे लागेल म्हणून पाणी पिणे टाळू नये. मोटारीने आल्यास आसनपट्टा लावावाच, त्याचा खालचा भाग मांड्यांवर येईल असा.

घरी पोहोचल्यावरही अंथरुण धरू नये. पहिला आठवडा-दहा दिवस किंचित वाकूनच चालायचे असते, कारण ताठ उभे राहिल्यास टाक्यांवर ताण येतो. पण चालायचे मात्र असते. झोपताना पाठीमागे उशांची चढण आणि गुडघ्यांखाली एक उशी घ्यावी. खोकला आल्यास पोटावर उशी दाबून धरावी. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसल्याने शिवलेल्या स्नायूंवर मोठा ताण पडतो, म्हणून सहा आठवडे तरी कमोडची किंवा कमोड-खुर्चीची सोय आधीच करून ठेवावी. वेदनाशामक औषधांनी बद्धकोष्ठ होते आणि कुंथणे हे पोटाच्या टाक्यांचे शत्रू आहे. पाण्याची कळशी, गॅसची टाकी आणि कडेवरचे मूल या तिन्ही गोष्टी पट्टा बांधलेला असला तरी उचलायच्या नाहीत. पट्टा म्हणजे कवच आहे, अशा समजुतीने जड कामाला हात घालणारे रुग्ण कमी नाहीत.

काही लक्षणे दिसल्यास पट्टा सैल करून तत्काळ डॉक्टर गाठावेत. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली, तर ती गुठळी असू शकते. अचानक धाप लागली, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले, तर नाशिक-मुंबईच्या डॉक्टरांच्या फोनची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. धुळे आणि जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. त्वचा निळी-काळी पडणे, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी येणे, ताप, पोट एका बाजूला झपाट्याने फुगणे, ही थांबून पाहण्याची लक्षणे नव्हेत. पोटावर टिचकी मारल्यावर आत पाणी हलल्यासारखे वाटले, तर तो सेरोमा असण्याची शक्यता आहे. तो सुईने काढता येतो. पट्टा आवळून जिरवायचा नसतो.

पट्टा उतरतो तेव्हा

सर्वसाधारण क्रम असा दिसतो : पहिले दोन-तीन आठवडे अंघोळीचा वेळ सोडून अहोरात्र, त्यानंतर सहाव्या आठवड्यापर्यंत दिवसाचे काही तास. हा नियम नव्हे, रिवाज आहे. ज्याने आतले टाके घातले, त्याचा शब्द अंतिम. पट्टा एकदम न सोडता दररोज तासा-दोन तासांनी कमी करावा. पहिले काही दिवस पोट उघडे पडल्यासारखे, आधार गेल्यासारखे वाटते. सायंकाळी थोडी सूजही दिसते. त्यामुळे घाबरून पुन्हा चोवीस तास पट्टा लावण्याची गरज नसते. पोटाच्या स्नायूंनी आपले काम आता स्वतः करायचे असते.

आणि नेमक्या याच टप्प्यावर पट्ट्याची जागा परकराची नाडी घेते. साडी नेसणाऱ्या स्त्रीच्या कंबरेला जन्मभर एक पट्टा असतोच. तो बोटभर रुंदीचा, सुती, रोज त्याच जागी आणि भरपूर आवळलेला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये धोतराच्या सततच्या घर्षणातून कंबरेवर उद्भवणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली होती. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तो आढळला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी कंबरेला घट्ट आवळलेल्या पेहरावामुळे चिघळलेल्या व्रणाचा कर्करोग झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची माहिती एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिली. हा आजार अत्यंत विरळ आहे. वर्षानुवर्षांच्या घर्षणातून तो होतो, सहा आठवड्यांच्या दाबवस्त्राशी त्याचा संबंध नाही. पण अरुंद दोरीचा दाब एकाच रेषेवर दीर्घकाळ राहिला की त्वचेचे काय होते, याची ती टोकाची उदाहरणे आहेत. आणि टमी टक झालेल्या स्त्रीची ती त्वचा तर अजून बधिर असते.

तेव्हा पट्टा सुटल्यावर निदान सहा महिने नाडीचा परकर बाजूला ठेवावा. रुंद इलॅस्टिकचा किंवा बटणपट्टीचा परकर शिवून घ्यावा. कोणत्याही शिंप्याकडून तो करून मिळतो. ते जमत नसेल, तर नाडी निऱ्या सुटणार नाहीत इतपतच बांधावी आणि तिची जागा रोज थोडी वर-खाली करावी. माप घ्यायला मात्र सूज उतरल्यावर जावे.